चढासाठी घेतलेलं इंजिन

इंजिनाबद्दल क्वाकू डापाला कुणी काही शिकवायला लागलं, की तो आधी त्याला पूर्ण बोलू द्यायचा आणि मग हसायचा. हसण्यात वाईट काही नसायचं, पण समोरच्याला ते झोंबायचंच. कुमासीच्या स्टँडवरचे निम्मे ड्रायव्हर जुनं इंजिन विकत घ्यायला निघाले की त्याला बरोबर न्यायचे, आणि त्यानं 'हे घे' म्हटलेलं इंजिन परत करायची पाळी अजून कुणावर आली नव्हती. त्यामुळे खुद्द त्याच्या व्हॅनचं इंजिन बसलं तेव्हा त्यानं ते मनाला लावून घेतलं नाही. म्हातारी गाडी, म्हातारं इंजिन, कधीतरी जायचंच. ते कुठं आणि कुणाच्या देखत गेलं, याचं मात्र त्याला फार लागलं.

गेलं ते माम्पाँगच्या चढावर, सोमवारी, एजुराच्या बाजारातून परत येताना. टपावर मांडीएवढे जाड पांढरे कंद रचलेले, आत कंदवाल्या बायका खेटून बसलेल्या, आणि पुढच्या सीटवर बिरागोबाई. बिरागोबाई म्हणजे कुमासीच्या कंदबाजाराची राणी. भाव त्या बांधणार, बायकांची भांडणं त्या मिटवणार, आणि एजुराहून माल कुणाच्या गाडीनं यायचा तेही त्याच ठरवणार. दुसऱ्या वळणावर गाडीनं काळा धूर ओकला आणि जी थांबली ती थांबलीच. बायका उतरल्या, चाकांमागं दगड लावले, थोडा वेळ ढकलून पाहिलं, आणि शेवटी कंद डोक्यावर घेऊन पायी चढ चढल्या. बिरागोबाईही चालल्या. अंगानं भरलेली, पासष्टीची बाई, पण वाटेत एकदाही बसल्या नाहीत की एक शब्द बोलल्या नाहीत.

बोलल्या त्या माथ्यावर पोचल्यावर, आणि त्याही पोकुआशी. रीतच आहे ती. कामाचं बोलणं असलं की राणी थेट बोलत नाही. शेजारी तिचे शब्द पोचवणारी पोकुआ उभी असते. राणी पोकुआला सांगते, पोकुआ तुम्हाला सांगते, मग तुम्ही हातभर अंतरावर का उभे असेनात.

"पोकुआ, ड्रायव्हरला सांग, येता सोमवार आम्ही आमचं बघू. त्याच्या पुढच्या सोमवारी त्याची गाडी हा चढ न थांबता चढली तर बायका त्याच्या. नाहीतर सार्पाँगच्या."

पोकुआनं ते शब्दन् शब्द क्वाकूला ऐकवलं. क्वाकूनंही आत्ताच पहिल्यांदा ऐकल्यासारखा चेहरा करून मान डोलावली.

हा सार्पाँग त्याच रस्त्यावरचा ड्रायव्हर. गाडी क्वाकूच्याच जातीची, तेवढीच जुनी, पण दिवसातून दोनदा धुतलेली. पुढच्या सीटला त्यानं लाल मखमलीचं कव्हर घालून ठेवलं होतं आणि त्यावर कुणाला बसू द्यायचा नाही. कुणासाठी राखली आहे हे त्यानं कधी सांगितलं नाही, पण सगळा स्टँड ओळखून होता. ती सोमवारची फेरी गेली असती तर क्वाकूला बाकीच्यांसारखं स्टँडवर रांगेत गाडी लावून माश्या मारत बसावं लागलं असतं, गाडी भरेल तेव्हा भरेल. त्याचं घर त्या एका फेरीवर चालायचं. आणि खरं सांगायचं तर त्याची मानही त्या एका फेरीमुळेच ताठ होती.

तरी गडी घाबरला नाही. "इंजिनच घ्यायचंय ना," तो घरी म्हणाला, "ते काय मला जमत नाही?" आणि कुटलेल्या कंदाच्या फुफूचा मोठा गोळा सूपात बुडवून निवांत जेवला.

सुआमेला तो सकाळी उजाडता उजाडता पोचला. गॅरेजांची ती अख्खी वस्ती अजून जांभया देत होती. बरोबर अल्हसन मेस्त्री होता. उत्तरेकडचा, दागोंबा जमातीचा माणूस, बोलायला कमी, हाताला पक्का. क्वाकूच्या गाडीचा प्रत्येक नटबोल्ट त्याच्याच हातचा.

"एवढ्या लवकर कशाला आणलंस?" अल्हसन म्हणाला. "चहावालासुद्धा आला नाही अजून."

"म्हणूनच आणलं. दुकानदार आला की आधी इंजिनं चालू करून तापवून ठेवतो. तापलेलं इंजिन कुणीही चालू करील. मला थंड पाहिजे."

परदेशातून कंटेनरमधून आलेली इंजिनं अंगणात ओळीनं मांडलेली असतात, जुन्या टायरांवर बसवलेली. क्वाकू एकेकावर तळहात ठेवत गेला. एक कोमट लागलं, त्याच्याकडे त्यानं परत बघितलंही नाही. दुकानदार डोळे चोळत आला तोवर त्यानं दोन बाजूला काढली होती. एक चार सिलिंडरचं, गाडीत होतं तसंच. दुसरं पाच सिलिंडरचं, लांबुडकं, त्याच घराण्यातलं पण मोठ्या गाडीचं.

दोन्ही चालू करून पाहिली. टायरवर बसवलेल्या इंजिनाला बॅटरीच्या वायरी टेकवल्या, डब्यातून डिझेलची नळी सोडली. चार सिलिंडरचं दुसऱ्या झटक्याला लागलं आणि शहाण्यासारखं चालत राहिलं. क्वाकूनं तेलाचं झाकण काढून त्या भोकावर तळवा धरला. वाफ नाही, रेटा नाही, तळव्याला तेलाचा शिंतोडा नाही. उत्तम. मग पाच सिलिंडरचं लावलं. ते पहिल्याच झटक्याला लागलं आणि खालचा टायर थरथरायला लागला. क्वाकूनं डोळे मिटले. त्या आवाजात कुठं खडखड नव्हती, कुठं दम तुटत नव्हता, आणि तो आवाज छातीत जाऊन बसत होता. क्वाकू त्याच घटकेला त्याच्यावर भाळला म्हणा ना.

"चारवालं घे," अल्हसन म्हणाला. "जागेवर बसेल. बोल्टाला बोल्ट. उद्या संध्याकाळी गाडी तुझ्या हातात."

"आणि चढ?"

"चढेल की. सावकाश."

"सावकाश तर सार्पाँगपण चढतो."

"पाचवालं लांब आहे, दादा. पुढं रेडिएटर सरकत नाही. मागं घ्यावं लागेल, म्हणजे केबिनमध्ये. पत्रा कापावा लागेल."

"मग काप. सुआमेत बसत नाही असं काही असतं का? तूच सांग."

हा टोला अल्हसनला बरोबर लागला. सुआमेतल्या मेस्त्रीला 'हे बसणार नाही' म्हणायला लावणं म्हणजे त्याला गावातून हाकलण्यासारखंच. त्यानं चारवाल्याकडे एकदा बघितलं, खांदे उडवले, आणि पाचवालं हातगाड्यावर चढलं.

काम जोरात झालं. पत्रा कापला, इंजिन केबिनमध्ये हातभर मागं आलं, त्याच्यावर लोखंडी पेटी बांधायची वेळ आली. अल्हसननं टेप लावून मोजलं, परत मोजलं, आणि गाडीखालून क्वाकूला हाक मारली.

"पेटी पार तुझ्या पलीकडच्या दारापर्यंत येतेय. पुढच्या सीटचं काय करू?"

क्वाकू तेव्हा इंजिनाच्या नळ्या बघण्यात गुंग होता. "काढ," तो म्हणाला. "एका सवारीचं भाडं गेलं तर गेलं."

अल्हसननं सीट काढली. पेटी इतकी नीट बसली की क्वाकूनं हौसेनं तिच्यावर हिरवा गालिचा ठोकून घेतला. तुम्ही म्हणाल, माणूस एवढा कसा विसरतो. पण त्या आठवड्यात त्याच्या डोक्यात चढ सोडून दुसरं काही नव्हतंच. गाडीत माणसं बसतात हेही तो विसरला असावा.

रविवारी दोघं एजुराला निघाले. नव्या इंजिनाच्या पहिल्या फेरीला मेस्त्री बरोबर असावाच लागतो. माम्पाँगचा उतार उतरून झाल्यावर क्वाकूनं गाडी वळवली आणि उगाचच तो चढ परत चढून दाखवला, तिसऱ्या गिअरमध्ये. "बघ," तो म्हणाला, "बघ फक्त." अल्हसन बघत होता. त्यालाही बरं वाटलं होतं, पण तो तसं बोलून दाखवणाऱ्यातला नव्हता.

सोमवारी बाजारात क्वाकूनं गाडी नेहमीच्या झाडाखाली लावली आणि बॉनेट उघडं ठेवलं, येणाऱ्याजाणाऱ्यानं बघावं म्हणून. हमालांनी टपावर कंद चढवले. बायका आत शिरल्या, जागेवरून भांडल्या, बसल्या. पलीकडे सार्पाँग आपला माल भरत होता आणि तिरक्या नजरेनं इकडे बघत होता. क्वाकूनं त्याला हात केला. मोठ्या मनानं केला.

मग बिरागोबाई आल्या. लोक बाजूला झाले. पोकुआ नेहमीसारखी पुढं झाली आणि तिनं राणीसाठी ड्रायव्हरच्या पलीकडचं पुढचं दार उघडलं.

आत हिरवा गालिचा होता.

पोकुआनं दार परत लावलं. आपटलं असतं तरी चाललं असतं, पण तिनं ते अगदी हळू लावलं. खिडक्यांतून माना बाहेर आल्या होत्या त्या आत गेल्या. कंद मोजणाऱ्या बायकांचे हात थांबले. मागून कुणीतरी पुटपुटलं, "आसनावरून उतरवलं हो राणीला."

असांते माणसांना राजा नकोसा झाला की ते त्याला मारत नाहीत, तुरुंगात टाकत नाहीत. त्याच्या बुडाखालचं आसन काढून घेतात. तेवढ्यानं तो राजा संपतो. आणि क्वाकू डापानं, ज्याची आई असांते, आजी असांते, भर बाजारात राणीची बैठक पान्यानं उचकटून तिथं इंजिन बसवलं होतं. ते आत्ता त्याच्या लक्षात आलं.

तो अल्हसनकडे वळला. "अरे, बोलला का नाहीस तू?"

"विचारलं होतं मी. पुढच्या सीटचं काय म्हणून. तू म्हणालास, काढ."

"पण ती राणीची सीट रे."

"आमच्याकडे राजा कातड्यावर बसतो, दादा," अल्हसन शांतपणे म्हणाला. "तुमच्या खुर्च्यांचं तुम्ही बघायचं."

क्वाकूनं पायातल्या चपला काढल्या आणि अनवाणी, मान खाली घालून राणीपुढं जाऊन उभा राहिला.

"पोकुआ, राणीसाहेबांना सांग, चूक माझी. मेस्त्रीची नाही. चढाच्या नादात मला दुसरं काही दिसलंच नाही. त्यांचा अपमान करायचं माझ्या मनात आलं असेल तर माझी गाडी जागेवर जळो."

बिरागोबाई त्याच्याकडे न बघता व्हॅनकडे बघत होत्या. "पोकुआ, विचार त्याला, इंजिन कुणी निवडलं?"

"मी," क्वाकू म्हणाला.

"एकट्यानं?"

"एकट्यानं. मेस्त्री दुसरं घे म्हणत होता."

"आणि गाडी चढावर बसते तेव्हा ढकलतं कोण, विचार."

क्वाकूनं मान आणखी खाली घातली. "बायका ढकलतात."

"मग निवडताना त्यातली एक तरी बरोबर नेली होती का?"

इंजिनाच्या बाबतीत क्वाकूनं पहिल्यांदाच नकारार्थी मान हलवली. बिरागोबाईंनी त्याला बराच वेळ तसा उभा ठेवला, ऊन चढेपर्यंत म्हटलं तरी चालेल.

"पोकुआ, सांग त्याला. माल भरलाय तो उतरवायचा नाही. आम्ही शब्द दिला होता, चढ न थांबता चढायचा, तो शब्द अजून आहे. बायका त्याच्या गाडीतून येतील. मी सार्पाँगच्या गाडीतून जाईन. आणि त्यानं राणीच्या पुढं जायचं नाही. वर पोचल्यावर काय ते सांगेन."

सार्पाँगनं लाल मखमलीवरची नसलेली धूळ झटकली. बिरागोबाई आणि पोकुआ त्या सीटवर शेजारी शेजारी बसल्या आणि गाडी निघाली. मागून क्वाकू.

सपाटीवर सगळं ठीक होतं. चढ लागला आणि सार्पाँगच्या गाडीनं कण्हायला सुरुवात केली. दुसरा गिअर, मग पहिला. धुराचा लोट थेट क्वाकूच्या काचेवर. त्याच्या पायाखाली पाच सिलिंडरचं धूड, आणि त्याला पहिल्या गिअरमध्ये त्या धुरामागं रांगावं लागत होतं. मागच्या बायकांना काय, तेवढं निमित्त पुरे झालं.

"अहो ड्रायव्हर, हेच का ते नवीन इंजिन? माझी सासू याच्यापेक्षा लवकर चढते."

"तिला आण पुढच्या सोमवारी. बांधू पुढं."

"सासूला बांधायचं तर पुढं सीट कुठाय?"

सगळ्या फिदीफिदी हसल्या. क्वाकू ओठ चावून समोरचा काटा बघत राहिला. दुसरं काय करणार? तापमानाचा काटा जागेवर होता, आवाज स्वच्छ होता, आणि हे त्याच्याशिवाय कुणाला कळत नव्हतं.

दुसऱ्या वळणावर सार्पाँगचा वेग आणखी पडला. बॉनेटखालून वाफ निघायला लागली. क्वाकूनं आवाज ऐकला आणि त्याला पुढचं सगळं समजलं. ही गाडी आता थांबणार. तिच्यामागं तो थांबला तर 'न थांबता' गेलं, फेरी गेली, सगळं गेलं. बाजूनं पुढं काढली तर राणीला मागं टाकलं, आणि सकाळच्या अपमानावर हा दुसरा. मग तर त्याला एजुरात कुणी पाणीसुद्धा विचारलं नसतं. विचार करायला रस्ता फार उरला नव्हता.

"मेस्त्री, उतर," तो म्हणाला. "पळत जा. सार्पाँगला म्हणावं गिअर पहिलाच ठेव, ब्रेकला पाय लावू नकोस. मी येतोय मागून."

बाजूच्या दाराशी अंग चोरून बसलेल्या अल्हसननं एकदा त्याच्याकडे आणि एकदा हिरव्या पेटीकडे बघितलं, आणि चालत्या गाडीतून उडी टाकून तो पळाला. क्वाकूनं अंतर कमी करत आणलं. पुढची गाडी शेवटचा हिसका देऊन थबकायला आणि त्याचा बंपर तिच्या बंपरला टेकायला एकच गाठ पडली. काहीतरी कचकन फुटलं, बहुतेक सार्पाँगचा लाल दिवा. क्वाकूनं पाय दाबला.

इंजिनाचा आवाज खाली गेला, जाड झाला. स्टिअरिंग हातात थरथरायला लागलं. एक क्षण दोन्ही गाड्या नुसत्या एकमेकींवर रेलून राहिल्या असं वाटलं, पण चाकं थांबली नव्हती. मुंगीच्या पावलानं का होईना, फिरत होती. क्वाकू मनातल्या मनात इंजिनाशी बोलत होता, आईची शपथ घालत होता, लाडीगोडी लावत होता. मागं कुणी हसत नव्हतं. बायका आपोआप पुढं झुकून बसल्या होत्या, आणि सासूवाली बाई समोरची दांडी घट्ट धरून डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होती. अल्हसन रस्त्याच्या कडेनं दोन्ही गाड्यांच्या बरोबरीनं धावत होता आणि धावता धावता इंजिन ऐकत होता.

वळण गेलं. त्याच्या पुढचं गेलं. ज्या ठिकाणी मागच्या खेपेला बायकांनी दगड लावले होते ते केव्हा मागं पडलं ते क्वाकूला कळलंही नाही. मग अचानक पाय हलका झाला, पुढची गाडी आपली आपण सरकली, आणि समोर माथ्यावरची सपाटी आली. टपावरच्या मालासकट, पोटातल्या बायकांसकट, राणीसकट, दोन्ही गाड्या वर आल्या होत्या.

सार्पाँगनं गाडी कडेला घेतली. बॉनेट उघडलं तर आत नुसती वाफ. त्यानं लाल दिव्याचे तुकडे बघून घेतले आणि क्वाकूच्या खांद्यावर थाप मारून पाणी आणायला गेला. एवढं मात्र म्हणायला पाहिजे, माणूस हरला तरी रडका नव्हता.

बिरागोबाई उतरल्या. क्वाकू परत अनवाणी जाऊन उभा राहिला.

"पोकुआ, बायकांना विचार, गाडी कुठं थांबली का?"

"नाही," बायका खिडकीतून एकदमच म्हणाल्या.

"माझ्या पुढं गेली का?"

"नाही."

बिरागोबाई चालत व्हॅनपाशी आल्या. बाजूचं दार उघडून आत चढल्या. ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर खिडकीशी सासूवाली बाई बसली होती, तिला त्यांनी नुसतं बघितलं. ती सरकली, तिच्या पलीकडची सरकली. बिरागोबाई बसल्या, लुगड्यासारखं गुंडाळलेलं कापड नीट केलं, आणि पोकुआ शेजारी मावेपर्यंत थांबल्या.

"पोकुआ, सांग त्याला. मी बसते ती पुढची जागा. तो बसतो ती फक्त ड्रायव्हरची. हे समजलं असेल तर सोमवार त्याचे. माफीची मेंढी मात्र द्यावी लागेल, आणि ती बारकी चालणार नाही. आणि पुढचं इंजिन घ्यायला माझ्या दोन बायका बरोबर येतील."

पोकुआनं सगळं सांगितलं. मेंढीचं तर तिनं जरा वाढवूनच सांगितलं.

क्वाकू जागेवर येऊन बसला. अल्हसन धापा टाकत येऊन हिरव्या पेटीवर टेकला आणि चटका बसून उठला. क्वाकूचा हात किल्लीवर होता, पण त्यानं ती फिरवली नाही. त्याला काहीतरी विचारायचं होतं आणि तसं विचारायची त्याला सवय नव्हती.

"पोकुआ," तो मागं न बघता म्हणाला, "राणीसाहेबांना विचार, इंजिन कसं वाटलं?"

बिरागोबाई खरोखरच विचार करत होत्या.

"आवाज जास्त करतं," पोकुआनं निरोप दिला. "पण ठेव म्हणाल्या."

क्वाकूला या वेळी हसू आलं नाही. डोळे मात्र भरून आले, आणि ते बायकांना आरशात दिसू नयेत म्हणून त्यानं घाईघाईनं गाडी चालू करून गिअर टाकला.